झळाळीचा खर्च

खंडेनवमीला घरची मोटारसायकल अंगणात येते. बादलीभर पाणी, शाम्पू, मग इंजिनाच्या झाकणांवर ब्रासो. घासून घासून त्यात स्वतःचा चेहरा दिसला की समाधान होतं. दसऱ्याला हँडलवर झेंडूची माळ चढते, टाकीवर हळदकुंकवाची बोटं उमटतात, चाकापुढे नारळ फुटतो आणि त्याचं पाणी मडगार्डवर, इंजिनावर शिंपडलं जातं. शनिवारी पुढे लिंबू-मिरची लटकते. भक्तीच्या बाजूनं यात काहीच उणं नाही. धातूच्या बाजूनं पाहिलं, तर त्याला घासून उघडं केलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर क्षार, साखर आणि आम्ल पडलं. पूजा झाल्यावर ते धुऊन टाकणारा घरोघरी एखादाच. आठवड्याभरात ॲल्युमिनियमवर पांढुरके ओघळ दिसतात आणि ब्रासोची बाटली पुन्हा बाहेर येते.

वाहनाच्या बहुतेक अंगाला रंग असतो. प्रश्न येतो तो रंग नसलेल्या भागांचा: बुलेटची ॲल्युमिनियमची झाकणं, जुन्या जावा-येझदीचं क्रोम, ट्रकचे स्टीलचे बंपर, एखाद्या जुन्या मोटारीचे पितळी दिवे. या भागांच्या बाबतीत आपण चमक आणि संरक्षण एकच समजतो. दोन्ही वेगळी आहेत, आणि बऱ्याचदा एकमेकांच्या विरोधात जातात. प्रत्येक घासणीत थोडा धातू जातो. पॉलिशच्या फडक्यावर येणारा काळा थर मळाचा वाटतो, पण त्यात धातूचाच मोठा वाटा असतो. नुकताच घासलेला उघडा पृष्ठभाग हवेला, पाण्याला आणि मिठाला सगळ्यांत लवकर प्रतिसाद देतो. ज्याला झळाळी हवी, त्यानं आधी तिचा हिशेब मांडायला हवा.

धातूची स्वतःची व्यवस्था

ॲल्युमिनियम गंजत नाही असं आपण सहज म्हणतो. खरं तर ते इतक्या चटकन गंजतं की ते दिसतच नाही. उघडं पडताक्षणी हवेतला प्राणवायू धरून ते स्वतःवर ऑक्साइडचा पडदा ओढून घेतं. हा पडदा काही नॅनोमीटरचा, पारदर्शक आणि धातूला घट्ट चिकटलेला असतो. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून तो फुगतो, पापुद्रे धरतो, झडतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. ऑक्साइडचं आकारमान आणि धातूचं आकारमान यांचं हे गुणोत्तर 1923 साली पिलिंग आणि बेडवर्थ यांनी मांडलं. कुठला धातू स्वतःला झाकू शकतो याचा पहिला अंदाज आजही त्यावरूनच बांधतात.

हा पडदा साधारण 4 ते 8.5 या पीएचच्या दरम्यान सुखानं राहतो. त्याच्या दोन्ही बाजूंना तो विरघळतो. म्हणून धुण्याच्या सोड्यानं किंवा कडक डिग्रीझरनं पुसलेलं ॲल्युमिनियम काळवंडतं, आणि व्हील क्लीनरमधल्या जहाल आम्लानं क्षणभर पांढरं शुभ्र होऊन मग कायमचं निस्तेज पडतं. क्लोराइडचा, म्हणजे मिठाचा स्वभाव आणखी वेगळा. ते सगळा पडदा काढत बसत नाही. एखादी कमजोर जागा हेरून तिथं टोचतं आणि आत खड्डा करत जातं. वरून टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसतो, पण घासून तो घालवायचा तर खड्ड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा धातू उतरवावा लागतो.

पितळेचं गणित दुसरं. तांबं आणि जस्ताच्या या मिश्रणावर हवेतला गंधक आणि ओल मिळून तपकिरी-काळा थर चढतो. आपल्याकडे त्यावर चिंच, लिंबू, राख, रांगोळी, आता पितांबरी. चिंचेतलं टार्टारिक आम्ल ऑक्साइड सुरेख विरघळवतं. घागर लगेच भरपूर पाण्यानं धुतली जाते म्हणून तिचं निभतं. मोटारीच्या दिव्याला मात्र काठ, स्क्रू आणि काचेभोवतीची खाच असते, आणि आम्ल तिथं लपून राहतं. पुन्हा पुन्हा आम्ल लावलेली पितळ गुलाबी दिसू लागली, तर ती उजळली असं समजू नये. पृष्ठभागातलं जस्त निघून गेलंय आणि तांबं मागे राहिलंय.

पितळेचा आणखी एक शत्रू ओळखला गेला तो भारतातल्या पावसाळ्यामुळे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेच्या बंदुकीची पितळी काडतुसं पावसाळ्यात तडकायची. कारण कळेना, म्हणून त्या तडकण्याला ऋतूचंच नाव मिळालं. उलगडा 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला. काडतुसं तबेल्यांत साठवलेली असत. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटे, आणि घडवताना ताण राहून गेलेली पितळ त्या अमोनियात भेगाळे. गावाकडच्या वाड्यात जुनी मोटार गोठ्याला लागून ठेवणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. पितळेच्या कित्येक पॉलिशमध्येही अमोनिया असतो. काम झाल्यावर त्याचा मागमूस राहू न देणं हा पॉलिशचाच भाग आहे.

पितळेपासून क्रोमपर्यंत

मुंबईच्या रस्त्यांवर मोटारी आल्या 1898 च्या सुमारास. त्या काळच्या गाड्यांचे दिवे, भोंगे, रेडिएटर पितळेचे असत आणि ते रोज चमकवणारा माणूस गाडीबरोबर गृहीत धरलेला असे. रोल्स-रॉइसची 1907 ची मूळ ‘सिल्व्हर घोस्ट’ ॲल्युमिनियमच्या रंगात रंगवलेली होती आणि तिच्या सामानाला चांदीचा मुलामा होता. चांदी पितळेइतक्याच हट्टानं काळी पडते. तिला उजळ ठेवायला पगारी हात लागायचे, आणि चमक हा श्रीमंतीचा पुरावा ठरला तो या हातांमुळेच.

मोटार मध्यमवर्गाकडे आली तसा हा हात परवडेना. फोर्डच्या मॉडेल टीनं 1917 च्या मॉडेलपासून पितळी रेडिएटर सोडून काळा रंग घेतला. इतरांनी निकेल चढवलं. निकेलला उबदार, किंचित पिवळसर छटा असते, पण तेही मंद पडतं आणि घासावं लागतं. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक यांनी 1920 च्या दशकाच्या मध्याला क्रोमियमचा मुलामा धंद्यात वापरता येईल असा बसवला आणि काही वर्षांत मोटारींचं रूप पालटलं. फोर्डनं मॉडेल ए गाडीला आधी निकेल दिलं, आणि 1930 पासून तिचं रेडिएटरचं कवच आणि दिवे थेट स्टेनलेस स्टीलचे केले. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांचं स्टेनलेस स्टील तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचं होतं.

क्रोमबद्दलचा गैरसमज मात्र अजून गेलेला नाही. आपण ज्याला क्रोम म्हणतो, त्यात क्रोमियम नावापुरतं असतं: सजावटीच्या कामात साधारण अर्धा मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी. खालचं निकेल त्याच्या कित्येक पट जाड असतं आणि खरी राखण तेच करतं. क्रोमियमचा थर कडक, निळसर आणि न काळवंडणारा, पण त्याला सूक्ष्म भेगा आणि छिद्रं असतात. पाणी त्यांतून निकेलपर्यंत जातं, आणि निकेल भेदलं गेलं की पोलादापर्यंत. मडगार्डवर तांबूस पुरळ उठते, तेव्हा क्रोम गंजलेलं नसतं. गंज आतून वर आलेला असतो.

चांगल्या कारखान्यांनी यावर एक युक्ती काढली. निकेलचे दोन थर द्यायचे: खालचा गंधक नसलेला, वरचा गंधकयुक्त झळाळीचा. वरचा थर जास्त लवकर झिजणारा असल्यामुळे गंज खाली उतरण्याऐवजी त्याच थरात आडवा पसरतो. पोलादाला त्यामुळे वर्षं मिळतात. गल्लीतल्या स्वस्त कामात हे दोन थर सहसा नसतात आणि निकेलही पातळ असतं. म्हणून नवं क्रोम करून आणलेला सायलेन्सर दोन पावसाळ्यांत पुरळतो, आणि पन्नास वर्षांपूर्वीचा मूळ भाग अजून तग धरून असतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून 1961 ते 1996 या काळात बाहेर पडलेल्या गाड्या जतन करणारे लोक मूळ क्रोम शक्य तितकं हलवत नाहीत, ते यासाठीच.

पाऊस धुतो, आडोसा खातो

अलिबाग, रत्नागिरी, मालवण किंवा पणजीत गाडी ठेवणाऱ्याला वाटतं, पाऊस लागू दिला नाही की झालं. किनाऱ्यावर उलटा अनुभव येतो. वाऱ्याबरोबर येणारं मीठ सगळीकडे बसतं. जो भाग पावसात असतो, त्यावरचं मीठ पावसानं धुऊन जातं. मडगार्डची आतली बाजू, सायलेन्सरचं पोट, बंपरची मागची बाजू इथं पाऊस पोचत नाही. मीठ साठत राहतं आणि गंजाची सुरुवात तिथूनच होते.

साधं मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. जुलैत मुंबईची सरासरी आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते. म्हणजे पाऊस न पडलेल्या दिवशीही, छपराखाली उभ्या असलेल्या गाडीवर खाऱ्या पाण्याची फिल्म तयार असते. मॅग्नेशियम क्लोराइड याहून चिवट; ते तेहतीस-चौतीस टक्क्यांनाच ओलं होतं. समुद्राच्या मिठात तेही असतं, आणि शिकागो किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाच्या गाडीला हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेल्या क्षारांतूनही तेच भेटतं. तिथले जाणते लोक थंडी संपण्याची वाट न पाहता गाडीचं पोट पाण्यानं धुतात.

हवेतल्या आर्द्रतेचा आणि गंजाचा संबंध 1920 च्या दशकात ब्रिटनमध्ये व्हर्नन यांनी बारकाईनं तपासला. त्यांचा एक प्रयोग गाडीवाल्यांनी पाठ करावा असा आहे. त्यांनी लोखंडाचे तुकडे घरातल्या हवेत ठेवले: काही उघडे, काही मलमलीच्या जाळीत. मलमलीतून ओल सहज आत जात होती, पण धूळ अडत होती. उघडे तुकडे गंजले, मलमलीतले जवळजवळ स्वच्छ राहिले. धूळ ओल धरते, क्षार धरते, आणि गंजाला जागा करून देते. म्हणून गाडीवर प्लास्टिकचं आवरण घट्ट बांधण्यापेक्षा सुती चादर बरी. प्लास्टिकखाली रात्रीची ओल अडकते आणि धातूवर दवासारखी उतरते. चादर धूळ थांबवते आणि हवा जाऊ देते. फक्त ती छपराखालीच हवी. पावसात भिजलेली चादर प्लास्टिकपेक्षाही वाईट.

काय लावावं

पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात या प्रश्नाला डझनभर डबे उत्तर देतात. उपाय पाच जातींत वाटता येतात, आणि प्रत्येक जातीची मर्यादा वेगळी आहे.

पहिली जात मेणाची. ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचं कार्नोबा मेण कडक असतं आणि 82 ते 86 अंश सेल्सिअसला वितळतं. झाकणांवर, बंपरवर, दिव्यांवर ते उत्तम. तापणाऱ्या सिलिंडरपाशी आणि सायलेन्सरवर ते उडून जातं. संग्रहालयांत जुन्या धातूंवर सूक्ष्मस्फटिकी मेण वापरतात. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत 1950 च्या दशकात तयार झालेलं मिश्रण त्यासाठी जगभर चालतं. मेणाचा मोठा गुण म्हणजे ते संपलं की दिसतं: पाणी मण्यांसारखं न उभं राहता पसरू लागतं. मग पुन्हा लावायचं. घरच्या पितळी भांड्यांची कल्हई आपण अशीच वेळोवेळी नव्यानं करत आलो; तिचं जाणं हा दोष कुणी मानला नाही.

दुसरी जात तेलाची. डब्ल्यूडी-40 हा डबा प्रत्येक गॅरेजात असतो. 1953 साली सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत पाणी हटवणारा द्रव बनवण्याच्या चाळिसाव्या खटपटीत तो जमला. त्याचा सुरुवातीचा मोठा उपयोग झाला ॲटलस क्षेपणास्त्राचं बाह्य कवच गंजापासून वाचवण्यासाठी. ते कवच मिलिमीटरहूनही पातळ, उघड्या स्टेनलेस स्टीलचं होतं. म्हणजे हा डबा मुळात उघड्या धातूसाठीच जन्मला. तरी त्याचं काम पाणी हटवण्याचं. त्याची फिल्म पातळ असते आणि पावसाळाभर टिकत नाही. जास्त दिवसांसाठी लॅनोलिनसारखे, लोकरीच्या चरबीचे जाड लेप बरे. पण ते धूळ धरतात, म्हणून दिसणाऱ्या भागांपेक्षा आतल्या बाजूंना लावावेत. सर्व्हिसिंग सेंटरमधला डिझेल वॉश या जातीत धरू नये. तो रबर बिघडवतो आणि मागे धूळ चिकटवणारा थर ठेवतो.

तिसरी जात लॅकरची, म्हणजे पारदर्शक रंगाची. पितळेसाठी 1960 च्या दशकात आलेल्या इन्क्रालॅक या लॅकरमध्ये ॲक्रिलिकबरोबर बेंझोट्रायझोल मिसळलेलं असतं. ते तांब्याच्या अणूंना धरून काळवंडणं रोखतं. लॅकर अखंड असेपर्यंत झकास. दगड उडाला, स्क्रू आवळताना पाना घसरला, की कडेनं ओल आत शिरते. मग ॲल्युमिनियमवर लॅकरखाली बारीक अळ्यांसारख्या रेषा वळवळत पुढे सरकतात. त्या वरून घासून जात नाहीत; सगळं लॅकर काढावं लागतं. कारखान्यातून आलेल्या नव्या मोटारसायकलच्या चकचकीत झाकणांवर बऱ्याचदा असं लॅकर असतं. त्यावर ब्रासो मारला तर लॅकर खरवडलं जातं, धातूला काहीच मिळत नाही. घासण्यापूर्वी एका कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यानं थोडंसं पॉलिश करून पाहावं. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे, नाही झालं तर वर लॅकर आहे.

चौथी जात सिरॅमिक कोटिंगची. ती सध्या जोरात आहे. सिलिकाचा हा पातळ थर मेणापेक्षा बराच टिकतो आणि गाडी धुणं सोपं करतो. जाहिरातीतलं ‘9एच’ मात्र नीट वाचावं. ते पेन्सिलीच्या कडकपणाच्या मोजपट्टीवरचं आहे. त्याचा हिऱ्याशी संबंध नाही. कोटिंगखाली बोटांचे ठसे राहिले तर घामातलं मीठ कायमचं आत बंद होतं. कुठलाही थर देण्याआधी धातू तेलमुक्त आणि कोरडा करणं हे त्या थराइतकंच महत्त्वाचं.

पाचवी जात ॲनोडायझिंगची. ॲल्युमिनियमचा स्वतःचाच पडदा विजेच्या साह्यानं हजारो पट जाड करायचा. बेंगो आणि स्टुअर्ट यांनी 1923 साली ही रीत समुद्रावर उतरणाऱ्या विमानांच्या भागांसाठी आणली. टिकाऊपणात तिला तोड नाही. पण आरशासारखी चमक थोडी मंदावते, आणि इंजिनाच्या ओतीव झाकणांत सिलिकॉन भरपूर असल्यामुळे ती उजळ न होता करडी पडतात. बुलेटच्या झाकणासाठी म्हणूनच मेण आणि फडकं हीच जोडी टिकून आहे.

बफिंगच्या चाकाजवळ

उघड्या धातूला आरसा करणारं काम बफिंगच्या चाकावर होतं. आधी खरखरीत पॉलिश पेपर, मग बारीक, मग सिसलच्या दोऱ्याचं चाक, शेवटी कापडी चाक आणि त्यावर घट्ट पॉलिशची वडी. स्टीलला क्रोमियम ऑक्साइडची हिरवी, ॲल्युमिनियमला पांढरी, पितळेला आयर्न ऑक्साइडची तांबडी. जाणता कारागीर स्टीलचं चाक ॲल्युमिनियमला लावत नाही. चाकात अडकलेले लोखंडाचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढच्या पावसात तांबडे ठिपके होऊन वर येतात. गाडी देताना हे विचारून घ्यावं.

आरसा करण्यालाही संरक्षणाचा अर्थ आहे. ओरखडे जितके कमी, तितकी मिठाला आणि पाण्याला बसायला जागा कमी. पण हा फायदा पहिल्या चांगल्या बफिंगचा. दरवर्षी बफिंग केलं तर झाकणावरची उठावदार अक्षरं गुळगुळीत होतात, कडा गोल होतात, गॅस्केटजवळचा काठ पातळ होतो. विमानांच्या बाबतीत हे जास्त स्पष्ट दिसतं. ड्युरॅल्युमिन हा ॲल्युमिनियमचा मजबूत मिश्रधातू मिठात लवकर खड्डे धरतो, म्हणून त्याच्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला पत्रा वापरतात. जुन्या चकचकीत विमानांवर आणि मोटारीमागे ओढायच्या एअरस्ट्रीमच्या प्रवासी डब्यांवर हाच थर चमकतो. दशकानुदशकं घासत राहिलं तर घासलं जातं ते रक्षण करणारं शुद्ध ॲल्युमिनियम. अमेरिकन एअरलाइन्सनं आपल्या विमानांची प्रसिद्ध उघडी चमक 2013 साली सोडली. नव्यानं येणाऱ्या काही विमानांचं कवच संमिश्र पदार्थांचं असल्यामुळे तिथं चमकवायला धातूच उरला नव्हता.

बफिंगचा आणि क्रोमचा खर्च फक्त धातू सोसत नाही. ॲल्युमिनियमची बारीक धूळ हवेत साठली तर ठिणगीनं स्फोट होतो. क्रोमच्या टाकीतलं सहासंयुजी क्रोमियम त्याहून वाईट. टाकीवरची वाफ वर्षानुवर्षं हुंगणाऱ्या कामगाराच्या नाकाच्या पडद्याला भोक पडतं, ही या धंद्याची जुनी खूण. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं ही संयुगं माणसाला कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात ठेवली आहेत. युरोपात 2017 पासून क्रोमियम ट्रायऑक्साइड परवान्याशिवाय वापरता येत नाही, आणि सजावटीच्या कामासाठी त्रिसंयुजी क्रोमियमकडे वळणं सुरू आहे. आपल्याकडच्या छोट्या कारखान्यांत हवा ओढून घेणारी यंत्रणा आणि सांडपाण्याची प्रक्रिया किती ठिकाणी नीट असते, हा प्रश्न क्रोम करून घेणाऱ्यानं दर विचारताना विचारायला हवा.

या सगळ्यातून एक क्रम हाती येतो, आणि तो बाजाराच्या क्रमाच्या उलटा आहे. आधी साधं पाणी, विशेषतः समुद्रावरून आल्यावर, पावसाळ्यात, आणि हो, दसऱ्याची पूजा झाल्यावरही, आतल्या बाजूंसह. मग नीट कोरडं करणं. मग मेण, संपेल तसं. वर्षातून एखाद वेळा, डाग पडलाच तर, हलकं पॉलिश. बफिंग अगदी गरजेला. नवं क्रोम सर्वांत शेवटी, आणि तेही चांगल्या निकेलवर, चांगल्या कारखान्यात. आपल्या सणांत वाहन चमकवण्याची हौस मोठी आहे आणि ती असावीच. फक्त त्या हौसेत कमीत कमी धातू जावा आणि कमीत कमी माणसांनी त्या टाकीवर वाकावं.